‘ओक्लाहोमा!’मधून गाळलेला माणूस

म्युझिकल थिएटरचं वेड असलेला एखादा मित्र किंवा मैत्रीण तुमच्या ग्रुपमध्ये नक्की असेल. त्यांना ‘ओक्लाहोमा!’बद्दल विचारा. संगीतकार रिचर्ड रॉजर्स, गीतकार ऑस्कर हॅमरस्टीन, १९४३ साल, ब्रॉडवे, सलग २,२१२ प्रयोग... सगळं एका दमात सांगतील. अमेरिकन म्युझिकलचा इतिहास सांगताना ‘ओक्लाहोमा!’च्या आधीचा काळ आणि नंतरचा काळ असे सरळ दोन भाग पाडले जातात, इतकं त्याचं वजन. पण ही गोष्ट मुळात लिहिली कुणी, असं विचारलंत तर बरेच जण अडखळतील.

ती लिहिली लिन रिग्जनं. त्याचं ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’ हे नाटक १९३१ मध्ये ब्रॉडवेवर आलं होतं आणि बारा वर्षांनी त्याचंच ‘ओक्लाहोमा!’ झालं. रिग्ज चेरोकी होता, म्हणजे अमेरिकेच्या मूलनिवासींपैकी एक. आणि तो गे होता. त्याच्या हयातीत पहिली गोष्ट लोकांना माहीत होती, पण कुणी फारशी मनावर घेतली नाही. दुसरी तर बोलायचीच सोय नव्हती. या दोन्ही गोष्टी घेऊन त्यानं वीसहून जास्त नाटकं लिहिली. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीतून मात्र त्या दोन्ही गायब आहेत. हे कसं झालं, ते बघूया.

राज्याच्या आधीचं गाव

रोली लिन रिग्जचा जन्म ३१ ऑगस्ट १८९९ चा, क्लेअरमोर गावाजवळच्या एका शेतावर. आज नकाशात हे गाव ओक्लाहोमा राज्यात दिसतं. लिन जन्मला तेव्हा हे राज्यच नव्हतं. त्या भागाला ‘इंडियन टेरिटरी’ म्हणायचे. (यातले ‘इंडियन’ म्हणजे आपण नाही. कोलंबसाचा रस्ता चुकला आणि नाव मात्र चिकटून राहिलं.) क्लेअरमोर त्यातल्या चेरोकी राष्ट्राच्या हद्दीत होतं.

‘राष्ट्र’ हा शब्द इथं शब्दशः घ्यायचा. चेरोकींचं स्वतःचं सरकार होतं, कोर्ट होतं, शाळा होत्या. सिक्वोया नावाच्या माणसानं १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली. एका उच्चाराला एक चिन्ह, साधारण आपल्या बाराखडीच्या जवळ जाणारी. १८२८ मध्ये त्यांचं वर्तमानपत्रही निघालं. तेव्हा हे लोक आग्नेय अमेरिकेत, जॉर्जियाच्या आसपास राहत होते. गोऱ्या वसाहतवाल्यांना ती जमीन हवी होती. १८३८-३९ मध्ये लष्कर लावून चेरोकींना तिथून हाकललं आणि शेकडो मैल पश्चिमेला आणून सोडलं. वाटेत थंडी, भूक आणि रोगराईनं हजारो माणसं गेली. हाच तो ‘ट्रेल ऑफ टीअर्स’. जिथं त्यांना आणून सोडलं, ती जागा म्हणजे इंडियन टेरिटरी.

वचन असं होतं की आता ही जमीन कायमची तुमची. लिनच्या लहानपणी हे वचनही मोडलं जात होतं. सगळ्या समाजाची मिळून असलेली जमीन तुकडे पाडून एकेकाच्या नावावर केली गेली. १८९८ च्या एका कायद्यानं चेरोकी आणि शेजारच्या राष्ट्रांची कोर्टं बंद पाडली. १९०५ मध्ये या राष्ट्रांनी मस्कोगी इथं भरून स्वतःचं वेगळं राज्य मागितलं आणि त्या राज्याला नाव दिलं ‘सिक्वोया’. लिपी बनवणाऱ्या माणसाचं नाव! वॉशिंग्टननं ते ऐकलं नाही. १६ नोव्हेंबर १९०७ ला इंडियन टेरिटरी आणि शेजारची ओक्लाहोमा टेरिटरी एकत्र करून ओक्लाहोमा राज्य झालं. लिन तेव्हा आठ वर्षांचा होता. तो होता त्याच घरात राहिला, पण त्याचा देश बदलला.

सावत्र आई आणि मेरी आत्या

चेरोकी वारसा लिनला आईकडून मिळाला. त्याचं नाव चेरोकींच्या सरकारी नोंदवहीत होतं आणि वाटणीत त्याच्या नावावर जमिनीचा तुकडाही आला. पण आई स्वतः त्याला मिळालीच नाही. तो जेमतेम दोन वर्षांचा असताना ती टायफॉइडनं गेली. वडिलांनी लवकरच दुसरं लग्न केलं. सावत्र आईशी लिनचं जमलं नाही. नंतरच्या त्याच्या नाटकांत मायेला पारख्या घरांतली मुलं वारंवार दिसतात. वडील शेती आणि गुरांच्या धंद्यातून पुढे बँकेच्या व्यवहारात गेलेले, कमी बोलणारे, व्यवहारी गृहस्थ. कविता लिहिणाऱ्या पोराचं काय करायचं, हे त्यांना कधी नीटसं कळलं नाही.

उब होती ती मेरी आत्याकडे. ही बाई क्लेअरमोरमध्ये बोर्डिंग हाउस चालवायची. तोंडानं फटकळ, मनानं मोकळी, कुणालाही न घाबरणारी. ‘लायलॅक्स’मधली आणि पुढे ‘ओक्लाहोमा!’मधली एलर आत्या तिच्यावरूनच आली आहे. जगभरच्या रंगमंचांवर आजही जी खमकी म्हातारी टाळ्या घेते, ती क्लेअरमोरची मेरी आत्या आहे, हे प्रेक्षकांना माहीत नसतं एवढंच.

१९१७ मध्ये शाळा संपली आणि लिननं गाव सोडलं. गुरांच्या मालगाडीतून तो शिकागोला गेला, तिथून न्यूयॉर्कला. कुठे कुरिअर कंपनीत काम कर, कुठे सिनेमात एक्स्ट्रा म्हणून उभा राहा, लॉस एंजेलिसला जाऊन वर्तमानपत्रात प्रूफं तपास, असं तीन वर्षं चाललं. १९२० मध्ये तो परत येऊन ओक्लाहोमा विद्यापीठात दाखल झाला. तिथं कविता छापून येऊ लागल्या, पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं कामही मिळालं. आता हा प्राध्यापक होणार, असं वाटत असतानाच १९२३ मध्ये त्याची तब्येत पार ढासळली. निदान क्षयाचं होतं.

सांता फे आणि कुलपाचा कायदा

कोरड्या हवेसाठी तो न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला गेला. कवी विटर बिनर तिथं राहत होता आणि त्यानंच लिनला बोलावलं होतं. बिनर गे होता आणि त्या काळाच्या मानानं फारसं लपवत नव्हता. त्याच्या घरी लेखक-चित्रकारांचा राबता असायचा. क्लेअरमोरमध्ये वाढलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाला अशी माणसं आणि असं घर पहिल्यांदाच दिसत होतं. तब्येत सुधारली, लिखाण सुटलं. ‘नाइव्ह्ज फ्रॉम सीरिया’ ही त्याची एकांकिका १९२५ मध्ये सांता फेच्याच नाट्यमंडळींनी केली. (एकांकिका करणाऱ्या मंडळींनो, सुरुवात सगळ्यांची अशीच असते!)

मग न्यूयॉर्क. १९२७ च्या वसंतात त्याचं ‘बिग लेक’ हे नाटक तिथं झालं. आणि नेमक्या त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर एक वेगळंच नाट्य घडत होतं. फेब्रुवारीत पोलिसांनी काही नाटकांवर धाडी घातल्या. त्यातलं एक होतं ‘द कॅप्टिव्ह’, एका स्त्रीच्या दुसऱ्या स्त्रीवरच्या प्रेमाचं. लगेच राज्य सरकारनं कायदा केला: ‘लैंगिक विकृती’ हा विषय रंगमंचावर दाखवला, तर थिएटरला वर्षभर कुलूप. समलिंगी माणसं या ‘विकृती’त मोजली जात. लोक याला कुलपाचा कायदा म्हणू लागले आणि तो १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला.

म्हणजे बघा. लिन रिग्जची व्यावसायिक नाटककार म्हणून सुरुवात झाली तेच वर्ष या कायद्याचं. तो वारला १९५४ मध्ये. नाटककार म्हणून त्याचं न्यूयॉर्कमधलं जवळपास अख्खं आयुष्य या कुलपाच्या आत गेलं. त्याच्या नाटकांत गे पात्र का नाही, असा प्रश्न आज आपण सहज विचारतो. त्याचं अर्धं उत्तर इथं आहे.

पॅरिसमध्ये बसून आठवलेलं गाव

१९२८ मध्ये त्याला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली आणि तो फ्रान्सला गेला. पॅरिसच्या कॅफेत आणि मग दक्षिणेकडच्या कान्य-स्यूर-मेर या गावी बसून त्यानं जे लिहिलं, ते होतं ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’. सगळे लेखक पॅरिसला जाऊन पॅरिसवर लिहीत होते, आणि हा पठ्ठ्या इंडियन टेरिटरीतली धूळ, गुरं, गाणी आणि बोली आठवत होता! आपल्या भागातली माणसं जशी बोलतात तशीच ती बोलली पाहिजेत, हा त्याचा आग्रह. नाटकाला नावही त्यानं एका जुन्या लोकगीताचंच दिलं.

गोष्ट तशी साधी. काळ १९०० चा. कर्ली हा काउबॉय आणि लॉरी ही शेतावरची पोरकी मुलगी एकमेकांवर प्रेम करतात, पण कबूल करत नाहीत. लॉरीच्या शेतावरचा गडी जीटर तिच्यावर डोळा ठेवून आहे. कर्ली-लॉरीचं लग्न होतं. लग्नाच्या रात्री गावातली टोळकी जोडप्याला छळायला जमतात. तिथं जीटर पेटता पलिता घेऊन येतो, झटापट होते आणि तो स्वतःच्याच सुरीवर पडून मरतो. कर्लीला खटल्यासाठी तुरुंगात टाकतात. तो एका रात्रीसाठी पळून लॉरीला भेटायला येतो आणि त्याच्या मागावर माणसं येतात.

आता खरी गंमत. मागावर आलेली माणसं म्हणजे शेजारीच. फेडरल मार्शलच्या मदतीला ते धावून आलेत. एलर आत्या त्यांच्यावर तुटून पडते. तिचा सवाल असा, की तुम्ही परक्या सरकारची बाजू कशी घेता? कारण तिच्या लेखी अमेरिका हा परका देश आहे. शेजारी वरमतात आणि स्वतःची सफाई देताना सांगतात की आमच्याही अंगात मूलनिवासी रक्त आहे, आम्हाला परकं समजू नका. शेवटी ते कर्लीला ती एक रात्र बायकोसोबत राहू देतात. दुसऱ्या दिवशी खटल्यात काय झालं, ते रिग्ज सांगत नाही. पडदा तिथंच पडतो.

‘काउबॉय’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा हीरो येतो आणि त्याच्यासमोर धनुष्यबाण घेतलेले ‘इंडियन’. रिग्जच्या नाटकात काउबॉय आणि शेतकरी हेच इंडियन टेरिटरीचे लोक आहेत. वेगळे ‘इंडियन’ दाखवायची गरजच नाही, कारण गावच त्यांचं आहे.

२६ जानेवारी १९३१ ला थिएटर गिल्डनं हे नाटक ब्रॉडवेवर आणलं. कर्लीच्या भूमिकेत फ्रँचो टोन होता आणि फेरीवाल्याच्या छोट्या भूमिकेत ली स्ट्रासबर्ग, म्हणजे पुढे मेथड ॲक्टिंगचा गुरू म्हणून नाव कमावलेला. प्रवेशांच्या मधल्या वेळात खरेखुरे काउबॉय येऊन गाणी म्हणायचे. ६४ प्रयोग झाले. मंदीच्या काळात वाईट नाही, पण तुफान चाललं असंही नाही.

उलटं चालणारं नाटक

रिग्जनं आपला जीव ज्यात ओतला, ते नाटक मात्र दुसरंच होतं: ‘द चेरोकी नाईट’. १९३२ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातल्या हेजरो थिएटरमध्ये झालं. १९३६ मध्ये सरकारी मदतीच्या फेडरल थिएटर प्रोजेक्टनं न्यूयॉर्कमध्ये केलं. ब्रॉडवेवर ते कधीच आलं नाही.

आजच्या मुलांना हे नाटक लगेच कळेल, कारण त्यात काळ सरळ चालत नाही. सात प्रवेश, प्रत्येक वेगळ्या वर्षातला. सुरुवात १९१५ मध्ये. क्लेअरमोर माउंड नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी मिश्र रक्ताची चेरोकी तरुण मुलं पिकनिकला आलीत. याच टेकडीवर १८१७ मध्ये चेरोकी आणि ओसेज या दोन मूलनिवासी समाजांत रक्तपात झाला होता. अंधारात एक म्हातारा बाणांची जुनी टोकं उकरताना त्यांना सापडतो. त्याला जुने योद्धे दिसलेत. मुलं घाबरतात, हसतात, पण त्याचं म्हणणं काय आहे ते कुणालाच नीट झेपत नाही. मग नाटक त्याच मुलांच्या आयुष्यात पुढे-मागे उड्या मारतं. कुणी स्वतःचं चेरोकी असणं लाजेनं लपवतं. कुणी गरिबीत खंगतं. गार नावाचा तरुण, अर्धा इकडचा आणि अर्धा तिकडचा, आपली माणसं शोधत फिरतो आणि त्याला कुठेच जागा सापडत नाही. शेवटचा प्रवेश येतो तो थेट १८९५ चा. म्हणजे या सगळ्यांची पडझड आधी दाखवून, ती जिथून सुरू झाली त्या रात्री नाटक संपतं.

हे नाटक उदास आहे, आणि त्यावर आजचे चेरोकी अभ्यासक वादही घालतात. रिग्जला वाटत होतं की आपला समाज विझत चाललाय. रक्त पातळ झालं की ओळखही संपते, असा एक सूर नाटकात आहे. तो सूर खरा ठरला नाही. चेरोकी राष्ट्राचे आज चार लाखांहून जास्त नोंदणीकृत नागरिक आहेत. पण १९३२ मध्ये, तीसपस्तीस वर्षं सगळं हातातून जाताना बघितलेल्या माणसाला ते कसं दिसणार? त्यानं आपल्या पिढीचं दुखणं लिहिलं. आणि ‘इंडियन’ म्हणजे पिसांचा टोप, ही अपेक्षा घेऊन बसलेल्या प्रेक्षकांसमोर शहरी कपडे घातलेली, गोंधळलेली, आपल्यासारखी माणसं उभी केली. हे त्या काळात दुसरं कुणी करत नव्हतं.

पार्टीतला सोबती

नाटकांवर पोट भरेना म्हणून रिग्ज हॉलिवूडला पटकथा लिहायला गेला. ‘द गार्डन ऑफ अल्लाह’ आणि सेसिल डीमिलच्या ‘द प्लेन्समन’ या १९३६ च्या दोन्ही सिनेमांच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे. ‘द प्लेन्समन’ हा गॅरी कूपरचा वेस्टर्न आणि त्यात मूलनिवासी कोण? अर्थातच शत्रू. चेरोकी लेखकाच्या हातून असं काम करून घेणारी ती इंडस्ट्री होती, आणि भाडं भरायचं तर ते करावं लागत होतं.

पार्ट्यांमध्ये तो बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड या बड्या नट्यांचा सोबती म्हणून दिसायचा. त्यांची मैत्री खरी होती. पण फोटो बघणाऱ्याला एक सभ्य अविवाहित लेखक आणि त्याच्या शेजारी सुंदर नटी एवढंच दिसत होतं, आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. खरी सोबत वेगळी होती. मेक्सिकन चित्रकार आणि नाटककार रामोन नाया याच्याबरोबर तो अनेक वर्षं राहिला. एकत्र काम केलं, नव्या रंगभूमीच्या योजना आखल्या. याबद्दल रिग्जनं जाहीरपणे कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काम गेलं असतं आणि कदाचित बरंच काही.

लिहिताना मात्र माणूस स्वतःला पूर्ण लपवू शकत नाही. १९४१ मध्ये त्याचं ‘द क्रीम इन द वेल’ ब्रॉडवेवर आलं. राज्य होण्याच्या तोंडावरचं १९०६ साल, एक जमीनदार चेरोकी कुटुंब आणि घर सोडून नौदलात गेलेला मुलगा क्लेब. तो परत येतो तेव्हा त्याच्याजवळ असं काही असतं, जे घरात बोलता येत नाही. वरवर नाटक भावा-बहिणीतल्या निषिद्ध ओढीचं आहे. समीक्षकांनी ते झोडपलं आणि महिन्याभरातच ते बंद पडलं. आज ते वाचणाऱ्यांना त्यात दुसरंही काही ऐकू येतं: घरापासून लांब गेलेला, स्वतःची किळस करायला शिकवला गेलेला एक मुलगा, ज्याच्या गुपिताला नावच नाही. रिग्जची नाटकं ओळीनं वाचली की असे पळून गेलेले, मध्येच थबकणारे, वाक्य अर्धं सोडणारे पुरुष पुन्हा पुन्हा भेटतात.

काय कापलं?

१९४२ मध्ये, चाळिशी ओलांडलेली असताना, रिग्जला लष्करात घेतलं गेलं. इकडे कर्जात बुडालेल्या थिएटर गिल्डला ‘लायलॅक्स’चं म्युझिकल करायची कल्पना सुचली होती. ३१ मार्च १९४३ ला ‘ओक्लाहोमा!’चा पडदा उघडला आणि पुढची पाच वर्षं तो उघडाच राहिला.

रिग्जवर अन्याय झाला, असं सरसकट म्हणता येणार नाही. त्याला रॉयल्टी मिळत राहिली. मूळ नाटकातूनच आमचं चांगलं ते सगळं आलं, असं श्रेय हॅमरस्टीननं जाहीरपणे दिलं. पात्रं, प्रसंग, कित्येक संवाद रिग्जचेच राहिले. म्हणूनच काय काढलं ते नीट बघायला हवं.

अमेरिकेला परका देश म्हणणारी एलर आत्या गेली. आमच्यात मूलनिवासी रक्त आहे म्हणणारे शेजारी गेले. भांडण उरलं ते शेतकरी आणि गुराखी यांच्यातलं, म्हणजे दोन गोऱ्या गटांचं, जे एका गाण्यात मिटतं. शेवटचा टांगता खटला जागच्या जागी उरकून कर्ली निर्दोष सुटतो. आणि सगळं गाव नव्यानं जन्मणाऱ्या राज्याचं गाणं म्हणतं. चेरोकींना जे राज्य नको होतं, ज्याच्याऐवजी त्यांनी ‘सिक्वोया’ मागितलं होतं, त्याच राज्याचा जल्लोष! १९४३ मध्ये युद्धातल्या अमेरिकेला असंच गाणं हवं होतं. दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, ते ओक्लाहोमाचं अधिकृत राज्यगीतही झालं.

कुणी कट करून हे केलं नाही. गोष्ट जास्तीत जास्त लोकांना आवडावी म्हणून अडचणीच्या जागा घासून गुळगुळीत केल्या गेल्या. आणि अडचणीच्या जागा म्हणजे नेमक्या रिग्जच्या स्वतःच्या जागा होत्या.

परत वाचताना

३० जून १९५४ ला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात पोटाच्या कॅन्सरनं लिन रिग्ज गेला. वय ५४. ओक्लाहोमावरचीच एक कादंबरी अर्धी राहिली. ‘ओक्लाहोमा!’चा भव्य सिनेमा त्याच्या पुढच्या वर्षी आला. त्याला क्लेअरमोरमध्येच पुरलं. सतराव्या वर्षी ज्या गावातून तो निघाला आणि आयुष्यभर जिथं कायमचा परत जाऊ शकला नाही, तिथंच.

पुढची तीसेक वर्षं तो एका म्युझिकलची तळटीप होऊन राहिला. मग त्याला मूलनिवासी वाचकांनीच शोधून काढलं. क्रीक अभ्यासक क्रेग वोमॅक यानं १९९९ च्या ‘रेड ऑन रेड’ या पुस्तकात एक अख्खं प्रकरण रिग्जवर लिहिलं आणि त्याला ‘कोड टॉकर’ म्हटलं. महायुद्धात मूलनिवासी सैनिक आपल्या भाषांतून गुप्त संदेश पाठवायचे, त्यांना कोड टॉकर म्हणत. वोमॅकचं म्हणणं असं की रिग्जही संदेशच पाठवत होता, फक्त तो उलगडणारं कुणी समोर नव्हतं. वोमॅक स्वतः गे आहे, त्यामुळे तो संदेश त्याला ऐकू आला यात नवल नाही. २००३ मध्ये ‘द चेरोकी नाईट’ आणि इतर दोन नाटकं एकत्र पुन्हा छापली गेली. २००६ मध्ये डॅनियल हीथ जस्टिस या चेरोकी, क्विअर अभ्यासकानं चेरोकी साहित्याचा इतिहास मांडताना रिग्जला त्यात हक्काची जागा दिली.

दरम्यान एक शब्दही जन्माला आला होता. १९९० मध्ये कॅनडातल्या विनिपेगजवळ मूलनिवासी गे-लेस्बियन मंडळी जमली आणि त्यांनी स्वतःसाठी ‘टू-स्पिरिट’ हे नाव स्वीकारलं. आपण आधी मूलनिवासी की आधी क्विअर, हा प्रश्नच त्यांना मोडीत काढायचा होता. रिग्जला हा शब्द लावायची घाई नको. तो गेल्यावर ३६ वर्षांनी आलेला शब्द आहे हा. पण या दोन गोष्टी एकाच माणसात एकत्र राहतात आणि त्यातूनच त्याची गोष्ट बनते, हे त्याच्या नाटकांत या शब्दाच्या कितीतरी आधीपासून होतं.

आणि एक शेवटचं, जे रिग्जला कळायला हवं होतं असं राहून राहून वाटतं. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात निकाल दिला: पूर्व ओक्लाहोमातला क्रीक लोकांचा राखीव प्रदेश संसदेनं कधी रद्दच केलेला नाही, त्यामुळे फौजदारी कायद्यापुरता तो आजही अस्तित्वात आहे. २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्याच न्यायालयानं तोच नियम चेरोकींच्या प्रदेशाला लावला. क्लेअरमोर याच हद्दीत येतं. म्हणजे १९०७ चं राज्य आलं, त्याचं गाणं झालं, सिनेमा झाला, आणि शंभर वर्षांनी कोर्ट म्हणतंय की ती जमीन चेरोकींच्या हद्दीतून कधी बाहेर गेलीच नव्हती.

म्युझिकलमधून कापलेला एलर आत्याचा तो सवाल आता पुन्हा वाचून बघा. मूळ नाटक छापील स्वरूपात आजही मिळतं. ‘ओक्लाहोमा!’ची गाणी खुशाल ऐका, झकासच आहेत. फक्त त्यानंतर एकदा ‘लायलॅक्स’चा शेवटचा प्रवेश काढा, जिथं खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे.